मातृआरोग्यातलं संशोधन आणि त्याचा प्रभाव: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कुणाचे?

नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग किंवा कम्युनिटी मेडिसिन शिकणारे निवासी डॉक्टर, नर्सिंगच्या शिक्षिका, ग्रंथपाल, आरोग्यावर लिहिणारे पत्रकार. सगळ्यांच्या विचारण्याचा गाभा एकच असतो. अमुक एका संशोधकाचं मातृआरोग्यातलं काम मोठं आहे असं म्हणतात, तर ते 'मोठं' म्हणजे किती, आणि हे ठरवायचं कशावरून?

संशोधकाचं काम म्हणजे फक्त छापलेले पेपर का?

नाही. पेपर सहज मोजता येतात, म्हणून लोक तेवढेच मोजतात. मातृआरोग्यात यादी बरीच लांब असते: चाचण्यांचे (म्हणजे रुग्णांवर उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे) नोंदणीकृत आराखडे, अनेक अभ्यास एकत्र तपासणारे पद्धतशीर आढावे, मार्गदर्शक सूचनांच्या समितीतलं काम, प्रसूतिकक्षात लावायचे तक्ते, आशा आणि एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) यांच्या प्रशिक्षणाचं साहित्य, विद्यार्थ्यांचे प्रबंध. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला सादर झालेले कितीतरी चांगले प्रबंध कधीच छापून येत नाहीत. ते शोधायला विभागाच्या कपाटापर्यंतच जावं लागतं.

शिवाय स्वतःची नवी आकडेवारी नसलेला लेखही फार दूर पोहोचू शकतो. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली 'तीन विलंबां'ची मांडणी केली. पहिला विलंब दवाखान्यात न्यायचं ठरवण्यात, दुसरा तिथे पोहोचण्यात, तिसरा पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. हा आधीच्या अभ्यासांचा आढावा होता. आज आपल्याकडे मातामृत्यूचं अन्वेषण होतं, तेव्हा घरी जाऊन नातेवाइकांना विचारलेल्या प्रश्नांतून हेच तीन विलंब शोधले जातात. फॉर्म भरणाऱ्या एएनएम ताईंना त्या दोघींची नावं माहीत असण्याचं कारण नाही, पण प्रश्न त्यांच्याच मांडणीतून आलेले आहेत. उद्धरणांच्या, म्हणजे इतर पेपरांनी किती वेळा संदर्भ दिला त्या आकड्यात हा प्रभाव कुठेच दिसत नाही.

एखाद्या व्यक्तीचे सगळे पेपर कसे शोधायचे?

या क्रमानं शोधलं तर चुका कमी होतात.

आधी ऑर्किड (ORCID) क्रमांक पाहा. हा सोळा अंकी क्रमांक त्या एकाच व्यक्तीचा असतो. तो असेल आणि वेळोवेळी अद्ययावत केलेला असेल, तर निम्मं काम झालं.

मग पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर आडनाव आणि आद्याक्षरं टाकून लेखक या रकान्यात शोधा. 'पाटील एस' टाकलं तर हजारो नोंदी येतात, म्हणून सोबत 'नागपूर' हा पत्ता आणि 'प्रेग्नन्सी'सारखा विषयशब्द जोडा. इथे एक खाच आहे. २०१४च्या आधी पबमेड बहुतेक नोंदींत फक्त पहिल्या लेखकाचाच पत्ता ठेवत असे. त्यामुळे नागपूरची व्यक्ती तिसऱ्या क्रमांकावर असलेला २००८चा पेपर 'नागपूर' टाकून सापडणार नाही. जुन्या वर्षांसाठी पत्त्याची अट काढून टाका आणि नोंदी एकेक करून तपासा.

तिसरी पायरी नावाच्या बदलाची. स्त्री संशोधकांच्या बाबतीत ही हमखास सुटते. लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं आडनाव, दोन्ही जोडलेलं आडनाव, मधलं आद्याक्षर कधी वडिलांचं तर कधी पतीचं, अशी एकाच व्यक्तीची चार रूपं भेटतात. स्कोपस ही लेखांची आणि उद्धरणांची सूची अशा व्यक्तीला दोन वेगळे लेखक धरते. गूगल स्कॉलर उलटी चूक करतं आणि नावाच्या साधर्म्यावरून दुसऱ्याच कुणाचे पेपर तिच्या खात्यात घालतं. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवूनच पुढे जा.

शेवटी सहयोगी गटांची नावं पाहा. मोठ्या चाचण्यांत 'अमुक गटाच्या वतीनं' असं छापलेलं असतं आणि केंद्रावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची नावं पबमेडवर लेखक म्हणून येत नाहीत, 'सहयोगी' म्हणून वेगळी दिसतात. नागपूरसारख्या केंद्रातल्या लोकांचं काम बऱ्याचदा तिथेच दडलेलं असतं.

एच-इंडेक्स कसा काढतात?

एच-इंडेक्स ५ म्हणजे प्रत्येकी किमान ५ उद्धरणं मिळालेले ५ पेपर. तो काढायला पेपर उद्धरणांच्या उतरत्या क्रमानं लावा. समजा आकडे ४०, २२, १५, ९, ६, ५, ३, १ असे आहेत. पाचव्या पेपरला ६ उद्धरणं आहेत, म्हणजे पाचपेक्षा कमी नाहीत. सहाव्याला ५ आहेत, म्हणजे सहापेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ५. हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये ही पद्धत सुचवली.

पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४,००० उद्धरणं असती तरी उत्तर ५च राहिलं असतं, हे नीट लक्षात घ्या. एकाच चाचणीनं जगभरातल्या प्रसूतिकक्षांची रीत बदलली, तरी हा आकडा हलत नाही. उलट जागतिक रोगभाराच्या अहवालांत शेकडो सहलेखकांमध्ये नाव असलं की तो भराभर वाढतो. वयानुसार तो वाढतच जातो आणि कधीही घटत नाही, त्यामुळे पस्तिशीतल्या सहायक प्राध्यापिकेची साठीतल्या विभागप्रमुखांशी या आकड्यावर तुलना करणं अन्यायाचं आहे. नेमणुकीच्या समित्यांनी हा एकटा आकडा टेबलावर ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लेखकांच्या यादीतल्या जागेवरून काय कळतं?

वैद्यकीय नियतकालिकांत पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम चालवणाऱ्याचं आणि शेवटचं नाव कल्पना, निधी आणि देखरेख यांची जबाबदारी घेणाऱ्याचं असतं. पत्रव्यवहाराचा लेखक कोण, हेही पाहा. त्याहून नेमकी माहिती पेपरच्या शेवटी 'लेखकांचं योगदान' या परिच्छेदात मिळते: आराखडा कुणी केला, रुग्णांची नोंदणी कुणी केली, विश्लेषण कुणाचं, पहिला मसुदा कुणाचा. निधी बाहेरच्या देशातला असला आणि सगळ्या रुग्ण नागपूरच्या असल्या, तर पहिलं किंवा शेवटचं नाव इथल्या कुणाचं आहे का, हा प्रश्न जरूर विचारावा.

नागपुरात झालेल्या आणि जगानं दखल घेतलेल्या कामाचं उदाहरण द्याल का?

दोन देतो. दोन्ही चाचण्या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत झाल्या आणि दोन्ही 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या.

पहिली २०१७ची, 'इन्फॉर्म' नावाची. डॉ. शुचिता मुंडले पहिल्या लेखिका. गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबामुळे ज्यांच्या कळा सुरू करणं गरजेचं होतं अशा ६०२ स्त्रिया. एका गटाला तोंडानं कळा आणणारं मिसोप्रोस्टॉल २५ मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी, जास्तीत जास्त १२ मात्रा. दुसऱ्या गटात गर्भाशयमुखातून फोलीचा कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली नळी, १८ नंबरचा, ३० मिलिलिटरच्या फुग्याचा. २४ तासांत योनिमार्गे प्रसूती झाली ती पहिल्या गटात ५७ टक्के आणि दुसऱ्यात ४७ टक्के जणींची.

हा आकडा वाचायचा कसा? फरक १० टक्क्यांचा, म्हणजे साधारण दहा जणींमागे एक जास्तीची प्रसूती त्या वेळेत झाली. पण पेपरमध्ये या फरकाची विश्वासमर्यादा २ ते १७.९ टक्के दिली आहे. खरा फरक पन्नास जणींमागे एक इतका लहान असू शकतो किंवा सहा जणींमागे एक इतका मोठाही असू शकतो. बातमीत नुसतं 'गोळी सरस' असं लिहिलं की ही रुंदी हरवते.

प्रभावाबद्दलही बारकाईनं बोललं पाहिजे. दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅमची तोंडी मात्रा जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्येच सुचवली होती. म्हणजे मात्रा नागपूरनं शोधली नाही. उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांमध्ये, कमी मनुष्यबळाच्या सरकारी वॉर्डात, दुसऱ्या स्वस्त पर्यायासमोर ती कशी ठरते, याचं उत्तर नागपूरनं दिलं. ही मात्रा वापरताना कुठे बिघडतं, तेही सांगायला हवं. बाजारात २०० मायक्रोग्रॅमची गोळी सहज मिळते. ती ब्लेडनं आठ तुकडे करून दिली की तुकडे सारखे होत नाहीत, कुणाला दुप्पट औषध जातं, कळा अतिजोरात येतात आणि बाळाच्या ठोक्यांवर किंवा गर्भाशयावरच बेतू शकतं. म्हणून २५चीच तयार गोळी, आणि ती नसेल तर २०० मायक्रोग्रॅमची एक गोळी २०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, प्रत्येक वेळी ढवळून, मोजून २५ मिलिलिटर. हे सगळं रुग्णालयातच आणि देखरेखीखालीच करायचं. घरी कधीही नाही.

दुसरी चाचणी २०१९ची. थॉमस ईस्टरलिंग पहिले लेखक, डॉ. मुंडले सहलेखिका. रक्तदाब १६०/११०च्या घरात गेलेल्या ८९४ गरोदर स्त्रिया आणि दाब उतरवणारी, तोंडी घ्यायची तीन औषधं. निफेडिपिन १० मिलिग्रॅम आणि लॅबेटॅलॉल २०० मिलिग्रॅम ही दर तासाला, गरजेनुसार वाढवत; मिथिलडोपा १,००० मिलिग्रॅम एकदाच. सहा तासांत दाब ठरलेल्या पट्ट्यात आला आणि काही विपरीत झालं नाही, असं निफेडिपिनच्या गटात ८४ टक्के, लॅबेटॅलॉलच्या ७७ टक्के आणि मिथिलडोपाच्या ७६ टक्के जणींबाबत घडलं. निफेडिपिन आणि मिथिलडोपामधला फरक सांख्यिकीदृष्ट्या टिकला.

जाणकार वाचक इथे दोन गोष्टी टिपतो. मिथिलडोपाची मात्रा वाढवायची मुभाच नव्हती, म्हणजे सामना पूर्ण बरोबरीचा नव्हता. तरीही तीन-चतुर्थांश जणींचा दाब त्या एका मात्रेवर आटोक्यात आला. आणि आमच्या मते पेपरचा खरा संदेश तोच आहे. शिरेतून औषध देऊन सतत नजर ठेवायला माणूस नाही, एका सिस्टरकडे डझनभर खाटा आहेत, अशा ठिकाणीही तिन्हीपैकी जी गोळी कपाटात असेल ती वेळेवर द्या. उमरेड किंवा काटोलहून मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी दाब उतरवणं शक्य आहे, असं म्हणायला या चाचणीनं आधार दिला.

नागपूर अनेक देशांच्या अभ्यासातही आहे म्हणतात, ते काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पाठबळावर चालणारं माता आणि बालआरोग्य संशोधनाचं 'ग्लोबल नेटवर्क' आहे. भारतातली त्याची केंद्रं बेळगाव आणि नागपूर. नागपूरचं काम लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनमार्फत चालतं. आसपासच्या ग्रामीण भागात गरोदर स्त्रियांची नोंद करायची, प्रसूतीच्या वेळी माहिती घ्यायची आणि ४२व्या दिवशी पुन्हा विचारायचं, असं हे रजिस्टर आहे. अशा नोंदींच्या पायावरच मोठ्या चाचण्या उभ्या राहतात.

या नेटवर्कच्या २०२०च्या 'ॲस्पिरिन' चाचणीत पहिलटकरणींना सहाव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान ८१ मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू केली. मुदतपूर्व प्रसूती १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आल्या. २०२३च्या ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या चाचणीत सात देशांतल्या २९,२७८ स्त्रिया होत्या. योनिमार्गे प्रसूती अपेक्षित असताना कळा सुरू झाल्यावर २ ग्रॅमची एकच मात्रा दिली. मातेचा जंतुदोष किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला, बाळांना मात्र फायदा दिसला नाही. हा दुसरा अर्धा भाग बातम्यांतून वारंवार गळतो.

प्रभाव नेहमी चांगलाच असतो का?

नाही, आणि प्रसूतिशास्त्राइतका याचा धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल. मुदतीआधी बाळ होणार असेल तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यावं, म्हणजे बाळाची फुप्फुसं तयार होतात, हे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये न्यूझीलंडमधून दाखवलं. पुढच्या चाचण्यांतूनही तेच दिसत होतं, तरी डॉक्टरांनी ते सरसकट वापरायला दोन दशकं लावली. पद्धतशीर आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या चिन्हातल्या आडव्या रेघा म्हणजे याच इंजेक्शनच्या चाचण्या आहेत. दुर्लक्षित पुराव्याची आठवण म्हणून त्यांनी ते चिन्ह घेतलं.

मग उलटं टोक आलं. हे इंजेक्शन गावपातळीवर सगळीकडे पोहोचवावं म्हणून ग्लोबल नेटवर्कनं सहा देशांत चाचणी केली, त्यात नागपूरही होतं. २०१५ मध्ये निकाल लागला. ज्या भागांत हा उपक्रम राबवला, तिथे २८ दिवसांच्या आतले मृत्यू हजार जिवंत जन्मांमागे २७.४ झाले. बाकीच्या भागांत ते २३.९ होते. फायदा तर नाहीच, उलट नुकसान. मातांमधला संसर्गही वाढलेला दिसला. बाळ किती आठवड्यांचं आहे हे पाळीच्या तारखेवरून आणि पोटाच्या मापावरून ठरवावं लागलं, आणि इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच जणींची बाळं मुदतपूर्व नव्हतीच.

२०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पुन्हा चाचणी घेतली ती रुग्णालयांत, सोनोग्राफीनं आठवडे पक्के करून, २६ ते ३३ आठवड्यांच्या स्त्रियांमध्ये. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच, ठिकाण आणि निवड वेगळी. म्हणून एखाद्या संशोधकाच्या कामाचा विस्तार किती झाला हे विचारताना, ते जिथे नेलं तिथे त्याच्या अटी पाळल्या गेल्या का, हेही विचारायला हवं. नकोसा निकाल न लपवता छापणाऱ्या २०१५च्या गटाबद्दल आम्हाला मनापासून आदर वाटतो.

कमी पेपर, पण प्रभाव मोठा, असं विदर्भात कुणाचं उदाहरण आहे?

डॉ. राणी बंग. शिक्षण नागपूरच्या मेडिकलचं, काम गडचिरोलीत. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'ला आलेला त्यांचा पेपर दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवर होता. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि आधी कधी अशी तपासणी झालेली होती फक्त ८ टक्के जणींची. त्या काळात ग्रामीण स्त्रीसाठी सरकारी सेवा म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण. दवाखान्यातल्या नोंदी पाहिल्या असत्या तर हे आजार दिसलेच नसते, कारण बाया तिथे येतच नव्हत्या. गावात जाऊन सगळ्या स्त्रियांना तपासण्यासाठी बोलावलं म्हणून ते दिसले. १९९४च्या कैरोतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेपर्यंत जगाची भाषा कुटुंबनियोजनाकडून प्रजनन आरोग्याकडे वळली, त्या वाटेवर हा पेपर वारंवार पुढे ठेवला गेला. दोनच गावं होती, त्यामुळे ९२ टक्के हा आकडा सगळ्या भारताला लावणं चूक ठरेल. पेपरनं प्रश्न दाखवला, देशाची टक्केवारी सांगितली नाही.

मातामृत्यू कमी झाले तर त्याचं श्रेय संशोधकाला देता येईल का?

फार सांभाळून. मातामृत्यू प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे मोजतात, आणि गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांत, त्याच्याशी संबंधित कारणानं झालेले मृत्यू धरतात. सरकारच्या नमुना नोंदणीनुसार (एसआरएस) महाराष्ट्राचं प्रमाण २०१६–१८ मध्ये ४६ आणि २०१८–२० मध्ये ३३ होतं.

आता वर्षाला ५,००० बाळंतपणं होणारा तालुका घ्या. ३३च्या दरानं तिथे वर्षाला सरासरी १.६५ मृत्यू अपेक्षित आहेत. एखाद्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी चार, हे निव्वळ योगायोगानंही होतं. 'आमच्या प्रकल्पानं तालुक्यातले मातामृत्यू शून्यावर आणले' असा दावा वाचलात की आधी जन्मांची संख्या विचारा.

रुग्णालयाच्या आकड्याची अडचण वेगळी. मेडिकलला अख्ख्या विदर्भातून, तसंच छिंदवाडा, सिवनी, बालाघाटहून शेवटच्या घडीला पाठवलेल्या स्त्रिया येतात. तिथलं प्रमाण जास्त दिसतं ते उपचार वाईट म्हणून नव्हे, तर सगळ्यात अवघड केसेस तिथेच पोहोचतात म्हणून. रुग्णालयाचा दर आणि राज्याचा दर एकाच तक्त्यात शेजारी ठेवू नका.

मग प्रभावाचा माग काढायचा तरी कसा?

पेपरपासून उलटं निघू नका, प्रसूतिकक्षापासून निघा. ट्रेमध्ये कोणतं औषध आहे, भिंतीवरच्या तक्त्यात कोणती मात्रा लिहिली आहे, ते टिपा. तो तक्ता कोणत्या मार्गदर्शक सूचनेतून आला ते शोधा. सूचनेच्या पुराव्याच्या परिशिष्टात कोणत्या चाचण्या धरल्या, कोणत्या वगळल्या आणि पुराव्याला उच्च, मध्यम, कमी की अतिशय कमी असा कोणता दर्जा दिला, ते वाचा. तिथे तुमच्या संशोधकाचं नाव सापडलं, तर दुवा पक्का.

त्यानंतर औषधभांडाराचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्रक पाहा. सूचना बदलली पण मागणीपत्रकात ते औषधच नाही, असं घडतं. मग पेपर कितीही गाजलेला असो, खाटेवरच्या बाईपर्यंत तो पोहोचलेला नाही. औषध आहे पण रात्रपाळीला कपाटाची चावी नाही, हाही तिसऱ्या विलंबाचाच प्रकार.

नवख्या संशोधिकेनं सुरुवातीलाच काय पाळावं?

पहिल्या पेपरपासून नावाचं एकच स्पेलिंग, आणि ऑर्किड. चाचणी असेल तर पहिली रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या चाचणी-नोंदवहीत नोंदणी. १ एप्रिल २०१८पासून तिथे मागाहून नोंदणी घेत नाहीत, त्यामुळे 'नंतर करू' म्हटलं की चांगल्या नियतकालिकांची दारं बंद होतात. मुख्य निष्कर्ष एकच ठरवा आणि तो नोंदणीत जसा लिहिला तसाच पेपरात ठेवा. एका प्रबंधाचे पाच तुकडे करून पाच पेपर काढू नका. आढावा घेणारा त्याच स्त्रिया पाचदा मोजतो आणि पुरावाच बिघडतो. चार दिवसांत स्वीकृती आणि लगेच फीची मागणी करणाऱ्या नियतकालिकाला उत्तरही देऊ नका.

पेपर विकतचा असेल तर?

आधी पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसीवर पाहा, तिथे बऱ्याच चाचण्या पूर्ण वाचता येतात. मग कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. तरीही मिळाला नाही तर पत्रव्यवहाराच्या लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा: पेपरचं नाव, तुमचं शिक्षण, कशासाठी हवा आहे. बहुतेक जण पीडीएफ पाठवतात, आणि आराखड्याबद्दल एखादा नेमका प्रश्न विचारलात तर त्याचंही उत्तर देतात.